मला काय धाड भरलीय? पुरुषांच्या नियमित तपासणीबद्दल

आजच्या भागात पुरुषांच्या तब्येतीबद्दल बोलायचं आहे, आणि तेही माणूस ठणठणीत हिंडत-फिरत असताना करायच्या तपासण्यांबद्दल. मी फिजिशियन आहे, बेंगळुरूत प्रॅक्टिस करते, त्यामुळे उदाहरणं इथली जास्त येतील. पण तुम्ही नागपूरला असा, बेळगावला, इंदूरला, बडोद्याला नाहीतर पणजीला, गोष्ट सगळीकडे तीच आहे.

सुरुवात एका तारखेपासून करू. २९ ऑक्टोबर २०२१, शुक्रवार. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार, सगळ्या कर्नाटकाचे लाडके 'अप्पू', त्या दिवशी गेले. वय ४६. सकाळी व्यायाम झाल्यावर त्यांना अस्वस्थ वाटलं, आधी ओळखीच्या डॉक्टरांकडे आणि तिथून विक्रम हॉस्पिटलमध्ये नेलं, पण ते वाचले नाहीत. कंठीरव स्टेडियममध्ये अंत्यदर्शनाला लाखो माणसं आली. ज्याला लोकांनी पडद्यावर नाचताना, उड्या मारताना पाहिलं होतं, जो व्यायामासाठी ओळखला जायचा, तो माणूस पन्नाशीही न गाठता गेला, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं.

त्यानंतरच्या दिवसांत बेंगळुरूत एक गोष्ट घडली. जयदेव हृदयरोग संस्था हे इथलं मोठं सरकारी हृदयरोग रुग्णालय. तिथल्या ओपीडीत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त गर्दी झाली. आलेल्यांमध्ये तरुण आणि मध्यमवयीन पुरुष खूप होते. खासगी हॉस्पिटलांतही तेच. प्रत्येकाचं म्हणणं एकच: "माझा ईसीजी काढा."

चार वर्षांनी, २०२५ च्या जून-जुलैमध्ये, पुन्हा तेच झालं. हासन जिल्ह्यात साधारण चाळीस दिवसांत वीसहून जास्त माणसं हृदयविकारानं गेल्याच्या बातम्या आल्या, त्यातली काही अगदी तरुण. लोक घाबरून जयदेवच्या बेंगळुरू आणि म्हैसूरच्या रुग्णालयांत धावले. संचालक डॉ. के. एस. रवींद्रनाथ यांना जाहीरपणे सांगावं लागलं की घाबरून गर्दी करू नका, एकदा इथे येऊन तपासून घेतलं म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही.

माझ्या मते आजच्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे. भीतीपोटी एकदा केलेली मोठी तपासणी फारशी कामाला येत नाही. कामाला येते ती दरवर्षी शांतपणे केलेली छोटी तपासणी, आणि तिच्यात जे निघेल त्यावर केलेला उपाय. असं का, ते आता बघू.

ईसीजी नॉर्मल आला, मग काळजी मिटली का?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या असतात. त्यांच्या आतल्या अस्तराखाली वर्षानुवर्षं चरबीचा थर साठत जातो. या थराची सुरुवात विशी-तिशीतच होऊ शकते. थर हळूहळू वाढून धमनी अरुंद झाली, तर चढ चढताना, जिना चढताना छातीत दाब जाणवतो. अशा माणसाला निदान सूचना तरी मिळते.

पण पुष्कळ हार्ट अटॅक वेगळ्या तऱ्हेनं येतात. थर फार मोठा नसतो, धमनी निम्म्याहून जास्त मोकळी असते, माणसाला काहीही त्रास नसतो. एके दिवशी त्या थरावरचं पातळ आवरण फाटतं. शरीराला वाटतं, जखम झाली. तिथे रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत धमनी बंद. पुढचा स्नायू रक्तावाचून मरायला लागतो. यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो. त्यात हृदयाची लय बिघडून ठोके पडणंच थांबलं, तर तो कार्डियाक अरेस्ट. अशा वेळी मिनिटामिनिटाला वाचण्याची शक्यता कमी होत जाते.

आता बघा, आदल्या दिवशी या माणसाचा ईसीजी काढला असता तर? बहुतेक वेळा नॉर्मल आला असता. ईसीजी त्या क्षणी हृदयात चाललेल्या विजेच्या हालचालींची नोंद घेतो. धमनीत किती थर साठलाय, हे त्यात दिसत नाही. ट्रेडमिलवर चालवून केलेली स्ट्रेस टेस्टसुद्धा थर लहान असेल तर नॉर्मल येऊ शकते. म्हणून "मागच्या आठवड्यातच ईसीजी काढला होता, सगळं नॉर्मल होतं" हे वाक्य घरच्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकायला मिळतं. त्यात डॉक्टरचं चुकलं असेलच असं नाही. त्या तपासणीकडून आपण जे मागत होतो, ते द्यायची तिची ताकदच नव्हती.

मग थर कशानं साठतो आणि आवरण कशानं फाटतं? तंबाखू, वाढलेलं बीपी, वाढलेली शुगर, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर आणि घराण्यातला वारसा. हे सगळं मोजता येतं किंवा नुसतं विचारून कळतं. यातलं काहीही एका रात्रीत होत नाही, आठ-दहा-पंधरा वर्षं चालतं. त्यामुळे आपल्या हातात भरपूर वेळ असतो. तो वेळ वापरणं म्हणजेच नियमित तपासणी.

जयदेव संस्थेनं २०१७ पासून चाळिशीच्या आत हृदयविकार झालेल्यांची वेगळी नोंद ठेवायला सुरुवात केली. या तरुण रुग्णांमध्ये पुरुषांचं प्रमाण प्रचंड आहे, आणि सगळ्यात जास्त वेळा आढळणारं कारण आहे तंबाखू, मुख्यतः सिगारेट-बिडी. हासनच्या मृत्यूंचा अभ्यास करायला डॉ. रवींद्रनाथ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिलाही अचानक आलेली कुठली गूढ लाट सापडली नाही. बीपी, शुगर, तंबाखू, आधीचा हृदयविकार अशी जुनीच कारणं बऱ्याच जणांत निघाली.

लसीचा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, म्हणून तोही घेते. आयसीएमआरनं १८ ते ४५ वयाच्या, आधी ठणठणीत असलेल्या आणि अचानक गेलेल्या लोकांचा देशभरातल्या ४७ रुग्णालयांमधून अभ्यास केला. २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कोविडच्या लसीमुळे असा मृत्यू होण्याचा धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. धोका वाढलेला दिसला तो घराण्यात कोणी अचानक गेलेलं असणं, कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं, धूम्रपान, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत भरपूर दारू पिणं किंवा अंगाला न झेपणारा व्यायाम करणं, यांच्यामुळे.

घराण्याचा मुद्दा आला, तर पुनीत यांच्याच घरातली सर्वांना माहीत असलेली गोष्ट सांगते. वडील डॉ. राजकुमार २००६ मध्ये हृदय बंद पडूनच गेले. मी इथे कोणाचं निदान करत नाही, तो माझा अधिकार नाही. पण तुमच्या वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तुमची तपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू व्हायला हवी, एवढं नक्की.

पुरुषच मागे का?

"मला काय धाड भरलीय?" हे वाक्य मराठी घरांत वडील, काका, नवरे सगळे म्हणतात. माणूस हट्टी असतो, घाबरतो, कामातून वेळ मिळत नाही, हे सगळं आहेच. पण मला याचं आणखी एक कारण दिसतं.

बाईचा आणि दवाखान्याचा संबंध तिच्या तरुणपणीच येतो. गरोदरपणात दर महिन्याला तिचं वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी तपासली जाते. पुढे मुलांच्या लसी असतात. तिच्याकडे दुर्लक्ष होत नाही असं मी मुळीच म्हणत नाही, पुष्कळ होतं. पण निदान तिशीच्या आत कोणीतरी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधलेला असतो. पुरुषाच्या आयुष्यात असा टप्पाच नाही. शाळेतली शेवटची लस आणि पहिला मोठा आजार यांच्यामध्ये वीस-पंचवीस वर्षं कोरी जातात. कित्येकांचं आयुष्यातलं पहिलं बीपी पंचेचाळिसाव्या वर्षी, तेसुद्धा कॅज्युअल्टीत मोजलं जातं.

आणि आकडे काय सांगतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के पुरुषांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यासाठी गोळी चालू होती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण २१ टक्के. शुगरचंही तसंच: पुरुष १५.६ टक्के, स्त्रिया १३.५ टक्के. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि त्याहून जास्त, साधारण साडेतेरा कोटी, त्याच्या उंबरठ्यावर आहेत. बीपी दुखत नाही, शुगर दुखत नाही. अंगात काहीच होत नसलं तरी मोजल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

बेंगळुरूत याचे दोन नमुने मी रोज बघते. एक आयटीतला. कंपनी दरवर्षी फुकट हेल्थ चेकअप देते, हा माणूस करूनही घेतो, रिपोर्ट मेलवर येतो आणि न उघडता तिथेच पडून राहतो. तीन वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवले की दिसतं, उपाशीपोटीची शुगर ९८, मग १०७, मग ११९. दुसरा नमुना कॅब किंवा रिक्षा चालवणारा. बारा-बारा तास बसून, जेवणाची वेळ ठरलेली नाही, झोप अर्धवट, जागं राहायला सिगारेट नाहीतर गुटखा. त्याला चेकअप कोणीच देत नाही, आणि एक दिवस गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. पहिल्याकडे रिपोर्ट आहे पण बघत नाही, दुसऱ्याकडे रिपोर्टच नाही. शेवटी दोघांची गाठ एकाच वॉर्डात पडते.

मग नेमकं काय तपासायचं?

आता वही-पेन घ्या. यादी लहान आहे.

पहिलं बीपी. अठराव्या वर्षापासून वर्षातून एकदा तरी. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी-सिगारेट नको, लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला असावा, मोजताना बोलू नका. १२०/८० च्या आत उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर ते हाय बीपी. एकदाच जास्त आलं म्हणून लगेच गोळी नाही, आणि "दवाखान्यात आल्यावर वाढतंच हो माझं" म्हणून सोडूनही द्यायचं नाही. घरी आठवडाभर मोजून लिहून आणा.

दुसरं शुगर. तिशीपासून, आणि पोट सुटलेलं असेल किंवा आईवडिलांना मधुमेह असेल तर त्याही आधी. उपाशीपोटी १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, अर्थात पुन्हा तपासून खात्री करून. एचबीएवनसी ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी. ५.७ च्या आत नॉर्मल, ६.५ पासून मधुमेह. उंबरठ्यावर सापडलेल्या माणसाला मी नशीबवान म्हणते. रोजचं चालणं आणि पाच-सात टक्के वजन कमी करणं, एवढ्यानं पुष्कळांचा मधुमेह लांबतो, काहींचा टळतो.

तिसरं कोलेस्टेरॉल, म्हणजे लिपिड प्रोफाइल. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं जुलै २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनी पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करायला सांगितलं आहे. ही तपासणी बहुतेक वेळा जेवूनसुद्धा चालते. रिपोर्टात एलडीएल बघा. साधारण माणसाचं १०० च्या आत, जोखीम जास्त असेल तर ७० च्या आत. याच सूचनांमध्ये लायपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात निदान एकदा करायला सांगितली आहे. तो आकडा बहुतांशी जन्मतःच ठरलेला असतो. घराण्यात लवकर हृदयविकार असेल तर ही जरूर करा.

चौथं पोटाचा घेर. याला लॅब लागत नाही, शिंप्याची टेप लागते. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा. पँटचा नंबर बघू नका, आपण पँट पोटाच्या खाली बांधतो. टेप बेंबीच्या पातळीवर धरा आणि पोट आत ओढू नका.

पाचवं तोंड. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे. महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काही दिसलं तर दाखवा. गुटखा, तंबाखू, सुपारी खाणाऱ्यानं दरवर्षी डॉक्टरकडून किंवा दातांच्या डॉक्टरकडून तोंड तपासून घ्यावं.

चाळिशीनंतर यात क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि डोळ्यांची तपासणी, काचबिंदूसकट, घाला. बीपी किंवा शुगर आधीच असेल तर मूत्रपिंड आणि डोळे दरवर्षी. पन्नाशीनंतर प्रोस्टेटबद्दल डॉक्टरशी बोला. पीएसए ही तपासणी सरसकट सगळ्यांनी करायची नाही. ती कधी नसता घोरही लावते. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर हे बोलणं पंचेचाळिशीतच करा.

आता दोन गोष्टी, ज्या पुरुष स्वतःहून सांगत नाहीत. लैंगिक संबंधाच्या वेळी ताठरता नीट येत नसेल, तर मेडिकलमधून गुपचूप गोळी आणू नका. तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार कधी कधी आधी तिथे दिसतो आणि दोन-चार वर्षांनी छातीत. डॉक्टरला सांगितलंत तर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासायचं ते एक चांगलं कारण ठरतं.

दुसरी गोष्ट मनाची. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२१ च्या आकडेवारीत देशात १,६४,०३३ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातले १,१८,९७९ पुरुष होते, म्हणजे दर चारांमागे जवळजवळ तीन. झोप उडणं, सतत चिडचिड, दारू वाढणं, कशातच रस न वाटणं, हे सगळं तपासणीच्या वेळी सांगायचं असतं. केंद्र सरकारची टेली-मानस ही फुकट सेवा २०२२ पासून चालू आहे, तिच्या उभारणीत बेंगळुरूच्या निम्हान्सचा मोठा वाटा आहे. नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं.

मोठं पॅकेज घेऊ का?

"ऐंशी तपासण्या फक्त अमुक रुपयांत" अशा जाहिराती तुम्ही बघितल्या असतील. इथे थोडं गणित करू. लॅबची नॉर्मल मर्यादा साधारणपणे अशी ठरवतात की शंभर निरोगी माणसांतली पंच्याण्णव तिच्यात बसावीत. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता पाच टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निदान एक तरी बाहेर जाण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के! मग त्या एका लाल आकड्यापायी सोनोग्राफी, सीटी स्कॅन, महिनाभर झोप नाही, आणि शेवटी काहीच नाही. कॅन्सरचे ट्यूमर मार्कर असलेलं पॅकेज निरोगी माणसानं घेऊ नये. त्या तपासण्या मुख्यतः आजार झालेल्यांचे उपचार कसे चाललेत हे बघण्यासाठी असतात.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. कोक्रेन या संस्थेनं २०१९ मध्ये जगातल्या अशा सर्वसाधारण हेल्थ चेकअपच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, सुमारे अडीच लाख लोकांचा. चेकअपला बोलावलेल्यांमध्ये आणि न बोलावलेल्यांमध्ये मृत्यूच्या प्रमाणात फारसा फरक दिसला नाही. काही जण हे वाचून म्हणतात, मग तपासायचंच कशाला? पण त्या चाचण्या प्रामुख्यानं युरोप-अमेरिकेतल्या आहेत. तिथे माणूस सर्दीसाठी गेला तरी फॅमिली डॉक्टर बीपी मोजून घेतो. न बोलावलेल्यांचीही तपासणी एकीकडे होतच असते. आपल्याकडची पंचवीस कोरी वर्षं तिथे नाहीत.

तरी त्यातून एक धडा घ्यायलाच हवा. तपासणी म्हणजे उपचार नव्हे. नुसतं मोजून काही बरं होत नाही. मोजल्यावर गोळी चालू करणं, ती न सोडणं आणि तंबाखू सोडणं, यानं होतं.

याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा सरकारी प्रकल्प २०१७ च्या शेवटी पाच राज्यांतल्या काही जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा त्यात होते. केलं काय? प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्यांचं बीपी मोजायचं, ठरलेल्या क्रमानं साधी स्वस्त औषधं द्यायची, महिनाभराच्या गोळ्या एकदम हातात द्यायच्या, नोंद ठेवायची आणि जो आला नाही त्याला फोन करायचा. सुरुवातीच्या निष्कर्षांत उपचाराखाली असलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांचं बीपी आटोक्यात आल्याचं दिसलं. कुठलंही महागडं यंत्र लागलं नाही.

कुठे करायचं, खर्च किती?

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात फुकट होते. तुमच्या भागातलं आयुष्मान आरोग्य मंदिर शोधा. बेंगळुरूत वॉर्डावॉर्डात 'नम्म क्लिनिक' आहेत, महाराष्ट्रात 'आपला दवाखाना' आहे. कर्नाटकानं २०२४ मध्ये कोलार जिल्ह्यातून 'गृह आरोग्य' योजना सुरू केली, तिच्यात आरोग्य कर्मचारी घरी येऊन तपासतात. महाराष्ट्रानं तर सप्टेंबर २०२३ मध्ये खास अठरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी 'निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे' ही मोहीम काढली होती. पुरुषांना वेगळं बोलवावं लागतं हे सरकारलाही पटलं, ही चांगलीच गोष्ट झाली.

पैसे भरून करणार असाल तर वरची मूळ यादी कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये आवाक्यात असते. जुन्या करपद्धतीत इन्कम टॅक्स भरत असाल, तर ठरलेल्या मर्यादेत प्रतिबंधक तपासणीच्या ५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट मिळते, रोख दिले असले तरी.

पुनीत यांच्या नावानं कर्नाटक सरकारनं २०२३ मध्ये 'हृदयज्योती' योजना सुरू केली. तालुका रुग्णालयात छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी लगेच मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांकडे जातो, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं महाग इंजेक्शन तिथल्या तिथे फुकट देतात. ही योजना अटॅक आल्यानंतरची आहे, आपण आज बोललो ते त्याच्या आधीच्या पंधरा वर्षांबद्दल. दोन्ही लागतं.

म्हणून एक शेवटची सूचना, आणि ही कृपा करून घरात सगळ्यांना सांगा. चेकअप हा त्रास नसलेल्या माणसासाठी असतो. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अचानक दरदरून घाम, दम लागणं, असं काही होत असेल तर ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊ नका, लॅबची अपॉइंटमेंट घेऊ नका, स्वतः गाडी चालवू नका. १०८ ला फोन करा किंवा कोणाला तरी घेऊन, जिथे हृदयविकाराचे उपचार होतात त्या जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत थेट जा.

बाकीच्यांसाठी काम सोपं आहे. एक वही करा. पहिल्या पानावर घराण्यात कोणाला कोणत्या वयात काय झालं ते लिहा. आई, आत्या, काका यांना विचारा, त्यांना सगळं आठवत असतं. दुसऱ्या पानावर पाच रकाने: बीपी, शुगर, एलडीएल, पोटाचा घेर, तंबाखू. वाढदिवसाच्या महिन्यात दरवर्षी एक ओळ भरा, आणि ती वही घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा. तीन ओळी झाल्या की गाडी कुठल्या दिशेला चाललीय ते डॉक्टरला दिसेल, आणि तुम्हालाही. वहीत पहिली ओळ लिहायला पुढच्या वाढदिवसाची वाट बघू नका. ती या आठवड्यात लिहा.

पुढच्या भागात बीपीच्या गोळ्यांबद्दल बोलू, "एकदा सुरू केली की आयुष्यभर घ्यावी लागते का?" हा प्रश्न घेऊन. तोवर तब्येत सांभाळा. नमस्कार.